पोटातलं ओठावर

माझ्या माहेरी, नांदगावला, दूध चहापुरतं यायचं. आई ते चमच्याने मोजल्यासारखं चहात टाकायची. पेलाभर दूध पिणं ही आम्हा भावंडांच्या लेखी आजारी माणसांची आणि श्रीमंतांची गोष्ट होती. त्यामुळे मला दूध बाधतं हे लग्न होईपर्यंत कळायचं काही कारणच नव्हतं. आणि लग्न झालं ते नेमकं दुधाच्या घरात.

सासऱ्यांची नाशिकला पंचवटीत डेअरी होती. डेअरी म्हणजे रस्त्याला लागून एक गाळा, दुधाचे मोठे कॅन, दह्याची पातेली, एक धापा टाकणारा फ्रीज आणि गल्ल्यावर सासरे. मागच्या बाजूला आमचं घर. दूध सिन्नरकडच्या खेड्यांतून टेम्पोने सकाळी सकाळी यायचं. नव्वदची वर्षं नुकती सुरू झाली होती, पिशवीचं दूध गल्लोगल्ली पोहोचलं होतं, पण सासऱ्यांची गिऱ्हाइकं सुट्ट्या दुधाचीच. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "आपल्या दुधानं कुणाचं पोट दुखत नाय. दुखलं तर त्यानं दुसरं कायतरी खाल्लेलं असतं." हे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि घरातही.

दूध चांगलं की वाईट हे ठरवायचं काम मात्र सासूबाईंचं होतं. टेम्पो आला की प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध त्या वाटीत घेत, गरम करत आणि सगळ्यांसमोर उभ्याने पीत. मग एक क्षण डोळे मिटून सांगत, "हे चांगलं हाय," किंवा "ह्यात पाणी हाय, परत ने." दूधवाले त्यांच्याशी कधी वाद घालत नसत. सासूबाईंची जीभ म्हणजे आमच्या डेअरीचं यंत्र होतं, आणि सासऱ्यांना त्या जिभेचा फार अभिमान. वाट्या संपल्या की त्या कमरेची पत्र्याची डबी काढून चिमूटभर ओवा तोंडात टाकत. त्यांचा स्वतःचा चहा मात्र कोरा असायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दूध गिऱ्हाइकाचं आन् पुरुषांचं." आमच्या घरात बायकांच्या त्यागाचे असे नमुने पुष्कळ होते, म्हणून मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

माझ्या बाबतीत मात्र त्यांनी त्याग बाजूला ठेवला होता. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की माझ्यापुढे पेला यायचा. हळद घातलेलं, साईसकट दूध. "पी. अंगात काय हाय तुझ्या? फुंकर मारली तर उडशील." पेला रिकामा होईपर्यंत त्या समोरून हलत नसत. ही माया होती हे मला तेव्हाही कळत होतं. मायेला नाही म्हणणं हे शिव्या देण्यापेक्षा अवघड असतं.

तासाभराने पोटात गुडगुड सुरू व्हायची. मग पोट फुगायचं, मग कळा, आणि मग धावाधाव. आमचा संडास मागच्या बोळात आणि तिकडे जायचा रस्ता सासऱ्यांच्या खुर्चीसमोरून. मी बादली घेऊन निघाले की ते वर्तमानपत्र वर करत. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

शेवटी एकदा धीर करून म्हणाले, "आई, मला दूध बाधतं."

"बाधायला ते काय भूत हाय?" सासूबाई म्हणाल्या, आणि ओव्याची डबी माझ्यापुढे धरली. "वर ओवा खा. समदं जिरतं."

सासऱ्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. माझ्या पोटाची काळजी होती, नाही असं नाही, पण तिच्या आधी दुसरी काळजी आली. "हे बाहेर बोलू नको बरं का. डेअरीवाल्याच्या सुनेलाच दूध बाधतं म्हणल्यावर लोक काय समजतील? पावडर घालतो म्हणतील."

झालं. तेव्हापासून माझं पोट हा धंद्याचा प्रश्न झाला. मी नाही म्हटलं की नखरे, जास्त बोललं की माहेरची सवय, गप्प बसलं की "बघ, आज काय नाय झालं." नणंद माहेरपणाला आली तेव्हा म्हणाली, वहिनीला कामाच्या वेळेलाच बरं पोट दुखतं. मला त्या पेल्याचा कंटाळा आला होता हे खरं, पण खरी आग वेगळीच होती. माझ्या पोटात काय होतंय हे मी सांगत होते आणि ते खरं की खोटं हे दुसरेच ठरवत होते. कोणीतरी एकदा "बरं बाई, होत असेल" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तेवढं कोणी म्हणेना.

माझे यजमान सातपूरच्या एका कारखान्यात मालाची मापं तपासायच्या खात्यात होते. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांच्या नोकरीचा भाग होता आणि पुढे स्वभावाचाही झाला. ते ना आईच्या बाजूने बोलत ना माझ्या. मग नव्वदची वर्षं सरत आली असताना एक दिवस ते घरी आले आणि म्हणाले, कॉलेज रोडला पोटाचे एक नवे डॉक्टर आलेत, त्यांच्याकडे असं यंत्र आहे की नुसतं फुंकायचं आणि दूध पचतं की नाही ते कळतं.

सासरे हसले. "पोटातलं तोंडानं कळतं व्हय?"

यजमानांनी समजावलं ते मला अजून आठवतं. दुधात एक साखर असते. ती पोटाला पचली नाही की तशीच खाली मोठ्या आतड्यात जाते. तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात आणि ढोकळ्याचं पीठ फुगावं तसा वायू होतो. तो रक्तात उतरतो, रक्तातून छातीत, आणि श्वासातून बाहेर येतो. यंत्र तो वायू मोजतं. माझ्या मनात आलं, पोटात एक आणि ओठात एक असं आपण माणसांबद्दल म्हणतो, आणि हे यंत्र तर पोटातलंच ओठावर आणणार. मला त्या यंत्राबद्दल एकदम प्रेम वाटलं. घरात माझ्या बाजूने बोलणारं ते पहिलंच कोणीतरी होतं.

दवाखान्यातून निरोप मिळाला, आदल्या दिवशी हलकं खा आणि सकाळी उपाशी पोटी या.

सासूबाईंनी तो ऐकला आणि खूश झाल्या. "मग झालंच की! आदल्या दिवशी एकादशी हाय. उपासाएवढं हलकं काय असतंय?"

यावर घरात कोणालाही शंका आली नाही. मलाही नाही. उपाशी आणि उपास यांत आमच्या घरात कोणी फरक केलाच नव्हता. आमच्याकडे उपास म्हणजे हलकं हे धर्मशास्त्रच होतं, आणि "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आम्ही हसत हसत म्हणायचो पण ती आपल्याबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी झाली, दाण्याचा कूट मुठीमुठीने घातलेली. दुपारी भगर आणि दाण्यांची आमटी. चार वाजता शेंगदाण्याचा लाडू. रात्री तुपात परतलेली, गूळ घातलेली रताळी, कारण सकाळी उपाशी जायचंय, मग रात्री पोटाला आधार नको? दूध मात्र सासूबाईंनी थेंबभरही दिलं नाही. दुधाचीच परीक्षा आहे म्हटल्यावर तेवढा न्याय पाळायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर उपाशी पोटी आम्ही स्कूटरवरून गेलो. तपासणी करणारी मुलगी माझ्यापेक्षा लहान होती. तिने मला एका नळीत फुंकायला लावलं आणि आकडा बघून म्हणाली, "अगं बाई, पहिलाच एवढा?" ती आत डॉक्टरांना विचारायला गेली. बाहेर बाकांवर पेशंट मावत नव्हते. ती परत आली आणि म्हणाली, "चालू ठेवा म्हणाले." मग मला दुधातली ती साखर घातलेलं गोडसर पांढरं पाणी प्यायला दिलं आणि थोड्या थोड्या वेळाने फुंकायला सांगितलं. मधे झोपायचं नाही, फिरायचं नाही, काही खायचं नाही. मी फुंकत राहिले. माझं पोट दुखायला लागलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला.

डॉक्टरांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "तुम्हाला दूध पचत नाही. बंद करा."

मी तिथेच रडले. डॉक्टर घाबरले, म्हणाले काही गंभीर नाही. त्यांना कसं सांगणार की हे रडणं जिंकल्याचं आहे.

घरी सासऱ्यांनी रिपोर्ट हातात घेतला, लांब धरला आणि विचारलं, "ह्याच्यात आपल्या दुधाचा काय दोष लिहिलाय का?"

"नाही," यजमान म्हणाले. "दोष हिच्या पोटात आहे."

"मग ठीक हाय," म्हणून सासरे गल्ल्यावर गेले.

त्या संध्याकाळी दिवा लागला आणि पेला आला नाही. सासूबाईंनी माझ्यापुढे कोरा चहा ठेवला. पुढे कोणीही आलं की त्या सांगायच्या, "आमच्या सूनबाईच्या पोटातला दोष मशीनीनं काढलाय. तिला दूध द्यायचं नाय." नणंदेलाही हेच सांगितलं, तेही ठसक्यात. मी सुटले होते, आनंदात होते, आणि तरी आत कुठेतरी चडफडत होते. यंत्राने जे आकड्यांत सांगितलं तेच मी इतकी वर्षं मराठीत सांगत होते.

मग बरीच वर्षं अशीच गेली. सासरे गेले. गाळा भाड्याने दिला, तिथे मोबाइलचं दुकान आलं. घरात दूध पिशवीचं येऊ लागलं आणि सासूबाईंना सकाळच्या वाट्या प्यायचं काम उरलं नाही. त्या जरा टवटवीत दिसायला लागल्या होत्या, पण नवरा गेल्यावर बाई टवटवीत दिसते असं कोण बोलणार? ओव्याची डबी कमरेला होती, पण निघायची क्वचित.

अशात मी अंगणाच्या पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, दूध घेता का? मी सांगितलं, यंत्राने बंद केलंय. ते म्हणाले, या वयात हाडं अशी मोडायला नकोत, ती तपासणी पुन्हा एकदा करून घ्या.

या वेळचे पोटाचे डॉक्टर निराळे होते, निवांत बोलणारे. आदल्या दिवशी काय खायचं हे त्यांनी नीट सांगितलं. फक्त पांढरा भात, चवीला मीठ. डाळ नाही, पोळी नाही, फळ नाही, कांदा नाही. मी भात खाऊन गेले. फुंकायच्या आधी त्यांनी सहज विचारलं, "मागच्या वेळी आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?"

मी अभिमानाने म्हणाले, "काहीच नाही. एकादशी होती."

डॉक्टर नाशिकचेच असावेत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काहीच नाही म्हणजे काय काय?"

मी सांगू लागले. खिचडी. भगर. दाण्यांची आमटी. लाडू. रताळ्यापर्यंत येता येता माझाच आवाज बारीक झाला. डॉक्टर मोठ्याने हसले आणि मग म्हणाले, माफ करा. रताळी आणि दाणे पोटात पूर्ण पचत नाहीत. त्यांचा उरलेला भाग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली वायू करत बसतो. म्हणजे तुम्ही दुधाची साखर प्यायच्या आधीच यंत्र ओरडत असणार. पहिलाच आकडा फुगलेला असेल तर पुढच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही, त्या दिवशी तुम्हाला परत पाठवायला हवं होतं.

"अगं बाई, पहिलाच एवढा?" मला ती मुलगी लख्ख आठवली. इतकी वर्षं मी ज्या निकालावर उभी होते तो रताळ्याचा निकाल होता.

मी पुन्हा फुंकलं. गोडसर पाणी प्यायले, पुन्हा पुन्हा फुंकलं. पोट फुगलं, कळ आली, दोनदा उठून जावं लागलं. आणि यंत्राचा आकडा होता तिथेच बसून राहिला.

"म्हणजे मला दूध पचतं?" मी विचारलं.

"यंत्राच्या हिशोबाने पचतं," डॉक्टर म्हणाले. "पण काही माणसांच्या पोटातले जंतू वेगळे असतात. ते हा वायू होऊ देत नाहीत, किंवा झालेला खाऊन दुसराच वायू करतात, आणि तो आमच्याकडचं यंत्र मोजत नाही. अशांना दूध पचो न पचो, आकडा हलत नाही."

माझा पारा चढला. "म्हणजे ते हो म्हणालं तेव्हाही खरं नव्हतं आणि नाही म्हणतंय तेही खरं नाही? मग मी फुंकले कशाला?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, यंत्र कामाचं आहे, पण एकट्या त्याच्या भरवशावर मी कोणाचं दूध तोडत नाही आणि कोणाला पाजतही नाही. आपल्याकडे पुष्कळांना दूध पूर्ण पचत नाही आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, मजेत पितात. काहींचा आकडा साधा येतो आणि तरी त्रास होतो. आज तुमचं पोट दुखलं ते मी लिहून घेतलंय, तेही तपासणीतच धरायचं. ताक घ्या, दही घ्या, दूध घोटभर घेऊन बघा, सोसेल तेवढंच घ्या.

बोलणं शहाणपणाचं होतं. पण मी घरी काय सांगणार होते? रिक्षात बसून मी तेच घोकत होते. जंतू वायू खातात हे सासूबाईंना सांगू? त्या एवढंच ऐकणार की मशीन पचतं म्हणालं. म्हणजे इतकी वर्षं ही बाई खोटं बोलली. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, घरात माझ्या शब्दाला वजन आलेलं, आणि मला नवी नवरी असतानाची ती जुनी भीती पुन्हा वाटत होती. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. मी तर दोनदा फुंकून बसले होते आणि तरी पोळायची भीती गेली नव्हती.

सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता विचारलं, "काय म्हणलं मशीन?"

"पचतं म्हणालं."

"आन् पोट?"

"पोट दुखलं, आई. खूप दुखलं."

"मग मशीनला काय कळतंय," त्या म्हणाल्या आणि मेथीची काडी बाजूला टाकली. मी उभीच राहिले. जे ऐकायला मी लग्नापासून थांबले होते ते त्या भाजी निवडता निवडता सहज बोलून गेल्या होत्या. मला रडू फुटणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मला कुठं पचतंय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"लगीन झाल्यापासून. रोज सकाळी त्या वाट्या प्यायच्या आन् दुपारपर्यंत पोट आवळून काम करायचं. ओव्यावर दिवस काढले मी."

डोळ्यांसमोर त्या सकाळच्या वाट्या आल्या, ते मिटलेले डोळे, ती कमरेची डबी, तो कोरा चहा. आणि मग मला भयंकर राग आला. दया नंतर आली, आधी रागच आला. "तुम्हाला माहीत होतं, आई? आणि तरी मला रोज पेला पाजलात?"

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "मला काय माहीत होतं, पोरी? माझ्या सासूला म्हणले तर ती म्हणली, डेअरीवाल्याच्या बायकोनं असं बोलू नये. मग नायच बोलले. मला वाटायचं, समद्याच बायकांचं पोट दुखतं. बायकांचं काय ना काय दुखतंच. तुझंबी तसंच आसंल, ओव्यानं जाईल. तुझं ते मशीन बोललं तवा मला कळलं का हा दोष असतो म्हणून."

"तेव्हा का नाही बोललात?"

"ह्यांच्या पुढ्यात? ह्यांना माझ्या जिभेचा लय अभिमान होता."

मी खाली त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांना एकादशीच्या रताळ्यांचं सगळं सांगितलं. एक रताळ्याने फुगवलेला आकडा, संपूर्ण चुकीचा, आणि त्यातून या बाईला तिच्या आयुष्यभराच्या दुखण्याचं खरं कारण कळलं होतं. ते कळूनही सासरे असेपर्यंत ती वाट्या पीतच राहिली. माझ्यासाठी कोरा चहा ठेवताना, नणंदेला ठसक्यात सांगताना, ती माझ्या नावाने स्वतःचंच सांगत असणार. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी त्यांचा मेथीने हिरवा झालेला हात धरला आणि म्हणाले, "आई, उद्याच जाऊ. तुमचीही तपासणी करून घेऊ. हे डॉक्टर चांगले आहेत, नीट ऐकून घेतात."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.

"तू दोनदा फुंकलंस, दोन्ही वेळंला चुकलं. मी कशाला फुंकू? आज तुला सांगितलं, तू खरं मानलंस. झाली माझी तपासणी."